तानपुरा कुठे गेला?

"मावशी, त्या काळी तानपुरा घेऊन बसायचे नाहीत का गं?"

प्रश्न माझ्या भाचीचा. ती इथेच, नाशिकला कॉलेज रोडवर एका बाईंकडे गाणं शिकते. चौथं वर्ष चालू आहे आणि बाईंनी तिला आता जुनी माणसं ऐकायला सांगितली आहेत. तिने फोनवर १९५०च्या आसपासची एक मैफल लावली होती. नावापुढे कंसात 'रीमास्टर्ड' लिहिलेलं. मीही कानाला लावून पाहिली. बुवांचा आवाज अगदी समोर आणि लख्ख, धुऊन इस्त्री केल्यासारखा. तबल्याची चाट खणखणीत. मागे मात्र काहीच नाही. दोन आलापांच्या मध्ये नुसती पोकळी. बुवा थांबले की सगळं विझायचं, त्यांनी स्वर लावला की पुन्हा पेटायचं.

हीच मैफल माझ्या वडिलांनी कुणाकडून तरी कॅसेटवर उतरवून आणली होती. आम्ही ती इतक्या वेळा ऐकली आहे की मला तिची खरखरसुद्धा पाठ आहे. त्या कॅसेटवर तानपुरा आहे. एक नाही, दोन आहेत.

म्हणजे भाचीचा कान कच्चा नव्हता. तिने ऐकलं त्यात तानपुरा नव्हताच. खरखर काढता काढता कुणीतरी तोही काढून टाकला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हे एकाच कंपनीचं पाप नाही.

जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणांचं रीमास्टरिंग, म्हणजे आवाज साफसूफ करून ती नव्याने काढणं, करावं की करू नये, यावर आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. जी होते ती 'आहाहा, काय स्वच्छ झालंय' आणि 'छे, जुन्याची मजा गेली' या दोन उद्गारांच्या पलीकडे जात नाही. दोन्ही उद्गारांत कान कमी आणि मन जास्त असतं. माझं म्हणणं साधं आहे. जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज खरोखर सुधारता येतो, आणि ती सुधारणा जवळजवळ सगळी सुईपाशी किंवा टेपच्या हेडपाशी, म्हणजे मूळ तबकडी किंवा टेप वाजवून आवाज उतरवतानाच होते. नंतर संगणकावर जे चालतं त्यात मिळवण्यापेक्षा घालवणं सोपं असतं. आणि काही घालवलंच, तर घालवण्यापूर्वीचं ऐकण्याचा हक्क श्रोत्याला हवा. आज तो नाही.

आधी तानपुरा नाहीसा कसा होतो ते सांगते, कारण त्यात सगळी मेख आहे. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला अगोदर 'खरखर म्हणजे काय' हे शिकवावं लागतं. त्यासाठी ध्वनिमुद्रणातला असा एक तुकडा निवडतात, जिथे संगीत नाही, नुसता सूंऽऽ असा आवाज आहे. त्या तुकड्याचा नमुना घेऊन तेवढा आवाज पूर्ण ध्वनिमुद्रणातून वजा केला जातो. पियानोच्या किंवा व्हायोलिनच्या रेकॉर्डला हे ठीक चालतं. वादक सुरू करण्याआधी तिथे खरोखरच शांतता असते. आपल्या मैफलीत गाण्याआधीचा तुकडा घ्या. त्यात काय असतं? गवई पानाचा डबा सरकवतो आहे, कुणीतरी खाकरतो आहे आणि तानपुरे केव्हाचे सुरू झालेले आहेत. आपल्याकडे संगीताआधीची शांतता कधी रिकामी नसतेच. तो नमुना घेतला की यंत्र तानपुऱ्यालाही खरखरीतच मोजतं. अखंड, एकसारखा, न बदलणारा आवाज ही त्याच्या लेखी केराची व्याख्या. आणि आपल्या लेखी ती षड्जाची व्याख्या आहे!

त्यातून एखाद्या कुशल माणसाने नमुना नीट निवडला, तरी जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवर तारेला येणारी झणझण, धोक्यात असतेच. तानपुऱ्याची तार छेडली की तिचा मूळ स्वर खाली राहतो आणि जवारीमुळे निघणारे बारीक बारीक स्वर वर उमलत जातात. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात गंधार आपोआप ऐकू येतो तो त्यातूनच. हे स्वर मुळात नाजूक, आणि नेमके तिथेच टेपचा हिस्स, म्हणजे तिचा स्वतःचा तो सूंऽऽ आवाज, बसलेला असतो. एक काढताना दुसरा सुटावा ही अपेक्षा म्हणजे गव्हातले खडे डोळे मिटून निवडण्यासारखी. मग जे उरतं त्यात आवाज असतो, स्वर असतो, पण स्वर ज्यावर टेकलेला असतो ती भिंत नसते. मारव्यासारख्या रागात तर अनर्थच. तिथे गवई षड्जाला हुलकावणी देत फिरतो. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची १९६०ची एलपी (लाँग प्ले तबकडी) ज्यांनी ऐकली आहे त्यांना माहीत आहे, की कोमल ऋषभावर ते थांबतात तेव्हा आपला जीव टांगणीला लागतो. तो मागे षड्ज झिरपत असतो म्हणूनच. षड्ज पुसला तर ऋषभ कुणापासून दूर उभा आहे ते कसं कळणार?

हे वाचून वाटेल की बाई खरखरीच्या भक्त दिसतात. तसं नाही. तबकडीवरची खरखर म्हणजे काही पुण्य नव्हे. त्या लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मिसळलेली असे. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हा हेतू. म्हणजे जी खरखर ऐकून आपण हळवे होतो, ती बऱ्याच अंशी त्या पुडीचीच घासाघीस आहे. अण्णा, बापू, तात्या यांच्या आठवणी तिला चिकटल्या हा आपला भाग. तिचा गाण्याशी संबंध नाही. ती जावी हे मलाही हवं आहे. प्रश्न आहे तो कशी जावी याचा.

पंचवटीत आमच्या ओळखीचे एक नाना आहेत. नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. छापलेल्या कागदातला केसाएवढा दोष शोधण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे नजर तशीच. त्यांच्याकडे ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, काही शे जुन्या तबकड्या आहेत. काही वडिलोपार्जित, काही बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर पोत्यावर मांडलेल्या भंगारातून उचललेल्या. मागे एकदा भाचीला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. नानांनी एक तबकडी काढली. वर मळाचा राखाडी थर, लेबलचा एक कोपरा उंदराने खाल्लेला. लावली. नुसता भाजणीचा आवाज, चर्रऽऽ, आणि त्याच्या आड कुणीतरी गातंय एवढंच कळत होतं. भाचीने माझ्याकडे पाहिलं.

मग नानांनी तबकडी उचलून मोरीत नेली. लेबलावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची झाकणं दाबून धरली, मऊ ब्रश घेतला, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. गोल गोल, खाचेच्या दिशेने. "स्पिरिट लावायचं नाही हं, लाख विरघळते," हे त्यांनी तीनदा सांगितलं. पाणी काळं झालं. तबकडी पंख्याखाली वाळेपर्यंत चहा झाला. नंतर त्यांनी प्लेअरची सुई बदलली. हा भाग मला नवीन होता. एलपीची सुई टोकाशी साधारण २५ मायक्रॉन गोलाईची असते आणि ७८ची ७०च्या आसपास, कारण खाच रुंद. एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर ती खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळत जाते. नानांकडे तीन मापांच्या सुया आहेत. जुन्या पोलादी सुयांनी खाचेची भिंत एका विशिष्ट उंचीवर झिजवलेली असते. किंचित जाड किंवा किंचित बारीक सुई घेतली तर ती भिंतीच्या न झिजलेल्या पट्ट्यावर टेकते. तिथे गाणं अजून ताजं असतं!

आणखी एक. ७८च्या खाचेत आवाज फक्त डाव्या-उजव्या हेलकाव्यात कोरलेला असतो. वर-खाली जे हलतं तो निव्वळ कचरा. स्टीरिओ पिकअपने वाजवून दोन्ही बाजू नीट एकत्र केल्या की वर-खालीचा आवाज एकमेकांना मारून टाकतो. संगणक लागत नाही, एक वायर लागते. शिवाय १९५४ नंतर सर्वांनी हळूहळू एकच प्रमाण मानलं, पण त्याआधी खर्ज किती दाबून कोरायचा याचं प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं होतं. ते उलटं करून वाजवलं नाही तर डग्गा तरी फुगतो किंवा आवाज तरी नाकात जातो.

हे सगळं करून नानांनी तीच तबकडी पुन्हा लावली. खरखर होतीच, पण आता ती गाण्याच्या मागे जाऊन बसली होती. पुढे हार्मोनियमचा भाता ऐकू येत होता. दहा-पंधरा सेकंदांत माझ्या कानांनी खरखर ऐकणं बंद केलं. पावसात पत्र्याखाली बसून आपण गप्पा मारतो तेव्हा होतं तसं. ही चाळणी प्रत्येकाच्या डोक्यात असते, फुकट असते, आणि तानपुरा आणि खरखर यांतला फरक तिला कळतो.

रीमास्टरिंगवरचा माझा पहिला आक्षेप इथून येतो. बाजारात येणारी कितीतरी 'शुद्ध' ध्वनिमुद्रणं अशा कष्टाने उतरवलेली नसतात. कुठून तरी मिळालेली कॅसेटची किंवा सीडीची प्रत घ्यायची आणि बाकीचं काम सॉफ्टवेअरवर सोडायचं. घाणेरड्या तबकडीवर चुकीची सुई टेकवून आलेला आवाज मग कितीही घासा. त्यात जे आलंच नाही ते येणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपल्या आज्यांनी जणू ऑडिओ इंजिनिअरांसाठीच करून ठेवली.

वेगाचं प्रकरण तर याहून गंभीर आहे, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. '७८ची तबकडी' हे नाव नंतर पक्कं झालं. सुरुवातीच्या काळात कुठली ७४ला कोरलेली, कुठली ८०ला. गाण्यात याचा अर्थ काय होतो? एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे १०० भाग करा. ८०ला कोरलेली तबकडी ७८ला फिरवली तर गाणं ४४ भाग खाली येतं. ७४ला कोरलेली ७८ला फिरवली तर ९१ भाग वर चढतं. म्हणजे काळी एकचा गवई पांढरी दोनच्या उंबऱ्यावर. आवाजाची जात बदलते, तानेची लय बदलते, आणि विद्यार्थी त्यावरून 'अमुक बुवा काय उंच गायचे' असे निष्कर्ष काढतात. रीमास्टर करणाऱ्याने खरखरीवर महिना घालवला आणि वेग तपासलाच नाही, असं सर्रास घडतं. खरखर कुणालाही ऐकू येते. चुकलेला वेग ऐकायला तयार कान लागतो.

इथे केसरबाई केरकरांची गोष्ट आठवते. 'जात कहाँ हो' ही त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या तबकडीच्या वेष्टनावर काय कोरलंय ते मात्र सांगत नाही. सोबत पाठवलेली सुई कशी टेकवायची याचं चित्र आहे, आणि एक फेरा ३.६ सेकंदांत पूर्ण झाला पाहिजे हे हायड्रोजनच्या अणूच्या मापात लिहिलं आहे. परग्रहावरच्या कुणा अनोळखी रसिकाला सुई कुठली आणि वेग किती हे कळावं म्हणून केवढी धडपड! आणि नाशिकच्या मुलीला विकलेल्या फाइलवर यातलं एक अक्षर नाही. कुठल्या तबकडीवरून घेतलं, कुणी उतरवलं, वेग कसा ठरवला, काय काढलं, काही नाही. फक्त 'रीमास्टर्ड'.

परदेशात सगळं आलबेल आहे असंही नाही. पण तिथल्या गोष्टींतून शिकण्यासारखं आहे. जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'रिंग' या चार ऑपेरांचं वाद्यवृंद-संचालक सोल्टीने केलेलं ध्वनिमुद्रण डेक्का कंपनीने १९५८ ते १९६५ या काळात व्हिएन्नात केलं. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात त्याचा दबदबा आहे. १९९७ साली त्याच्या टेपा डिजिटल करताना हिस्स काढणारी यंत्रणा वापरली. जाणकार कुरकुरले की हिस्सबरोबर व्हायोलिनांचा वरचा वारा आणि सभागृहाची हवाही गेली. २०१२ची आवृत्ती निघाली तीही त्याच १९९७च्या डिजिटल प्रतीवरून. अखेर २०२२ मध्ये कंपनी पुन्हा मूळ टेपांकडे गेली आणि नव्याने उतरवलं. पंचवीस वर्षं जग एका माणसाच्या, एका दुपारच्या निर्णयातून ते ऑपेरा ऐकत होतं. तरी त्यांचं नशीब, टेपा शाबूत होत्या. परत जायला वाट होती.

बरं, संगणकाने कधीच काही चांगलं केलं नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. १९२५च्या सुमाराला विजेचा मायक्रोफोन आला, त्याआधी गवयाला कर्ण्यात तोंड घालून गावं लागे, आणि कर्ण्याला स्वतःचा एक घोगरा घुमारा असे. तो प्रत्येक स्वराला चिकटायचा. टॉमस स्टॉकहॅम या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ साली इटालियन गायक कारूसोच्या जुन्या तबकड्यांतून कर्ण्याचा हा घुमारा गणिताने वेगळा काढून दाखवला. ते काम मला पटतं, कारण कर्णा काही गात नव्हता. दोष कुणाचा आणि गाणं कुणाचं हे तिथे नेमकं सांगता येत होतं. आपल्याकडे गौहरजानच्या १९०२च्या कलकत्त्याच्या तबकड्यांपासून पुढची वीस-बावीस वर्षं सगळं कर्ण्यातलंच आहे. त्यावर असं काम कुणी जीव लावून केलं तर मी पहिली रांगेत उभी राहीन.

माझा विरोध आहे तो जे नव्हतं ते घालण्याला. झंकार बीट्सच्या कॅसेटी आठवतात? जुन्या सिनेगीतांवर नवा ढोलक बडवून विकलेल्या. मेनरोडवर प्रत्येक दुकानातून तोच ठेका यायचा. आपण हसलो आणि विसरलो. पण शास्त्रीय गाण्याला तोच झंकार आता सभ्य कपड्यांत आला आहे. कोरड्या स्टुडिओत गायलेल्या खयालाला देवळाच्या गाभाऱ्याचा एको. मोनो ध्वनिमुद्रणाला ओढून-ताणून स्टीरिओ, म्हणजे बुवा डाव्या कानात आणि तबलजी उजव्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हळू आणि मोठा यांतला फरक सपाट करून सगळंच मोठं. खर्जात कुजबुजल्यासारखा लागलेला पहिला सा आणि अर्ध्या तासानंतरचा तारषड्ज एकाच पातळीवर आणले, तर मधला अर्धा तास गवई कुठे चढत होता?

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. ती तर न कोरलेले वरचे स्वरही अंदाजाने भरून देते. कर्ण्याच्या तबकडीत सेकंदाला तीनेक हजार कंपनांच्या वरचं फारसं काही शिरतच नसे. त्यावरचा 'स' आणि 'श' कसा होता हे कुणालाच माहीत नाही, यंत्रालाही नाही. यंत्र हजारो दुसऱ्या गळ्यांवरून एक शक्यता बसवतं. ऐकायला ते गोड लागतं यात शंका नाही. पण तो अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातला पदार्थ नाही. फार तर त्यांच्या आवाजाला दिलेला मेकअप म्हणा. तसा तो विकावा, माझी ना नाही. फक्त खोक्यावर 'मूळ' लिहू नये.

वणीच्या गडावर २०२२ साली सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे पिढ्यान्पिढ्या चढलेले शेंदराचे थर उतरवले, तेव्हा काही आठवडे गाभारा दर्शनासाठी बंद होता. थर निघाले आणि दगडात कोरलेलं जुनं रूप बाहेर आलं. आमच्या घरात त्यावर दोन तट पडले. आईला तिची ओळखीची शेंदरी देवीच हवी होती. मला वाटतं रीमास्टरिंगच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मिळणार नाही. वरचं काढल्यावर आतलं खरं दिसू शकतं. पण तिथे शेंदूर कुठे संपतो आणि दगड कुठे सुरू होतो हे सांगणारे जाणकार होते, आणि कामाला लागला तो वेळ दिला गेला. उलट उदाहरणही लांब नाही. सिंहस्थाच्या तयारीत आपण गोदेच्या पात्रात काँक्रीट ओतलं. वरून दिसायला घाट किती नीटनेटका! खालच्या कुंडांचे झरे बुजले ते कुणाला दिसले नाहीत. ते काँक्रीट काढा म्हणून लोकांना पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली.

हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि नाशिककरांनी तर तो आपला मानायला हवा, असं मी का म्हणते? पंडित द. वि. पलुस्कर नाशिकमध्ये जन्मले, २८ मे १९२१ रोजी. त्यांचे वडील विष्णु दिगंबर इथे पंचवटीत रामनाम आधार आश्रम चालवत. मुलगा दहा वर्षांचा असताना ते गेले, आणि तो मुलगा पुढे अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ऑक्टोबर १९५५ मध्ये गेला. इंद्रकुंडावर त्यांच्या घराण्याचं नाव असलेलं सभागृह आहे. पण गाणं? ते आहे मोजक्या तबकड्यांत आणि नभोवाणीच्या टेपांत. अल्लादिया खाँसाहेबांनी तबकडीसाठी गायलंच नाही, तिथे आपला इलाज नाही. पलुस्करांचं मात्र आहे तेवढं हाताशी आहे, आणि त्यांना समोर बसून ऐकलेला माणूस आता नाशकात शोधावा लागेल. 'ठुमक चलत रामचंद्र' त्यांच्या गळ्यात कसं होतं हे पुढच्या पिढीला सांगणारा साक्षीदार म्हणजे ती खाच. तिच्यात कुणी काय बदललं हे विचारायचं नाही का?

कायद्याने वाटही मोकळी आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे पलुस्करांच्या हयातीत निघालेली प्रत्येक तबकडी आज तुमची-आमची आहे. पण गंमत अशी की आपल्या हातात ती येते रीमास्टर होऊन, नव्या सालाचा शिक्का घेऊन. आणि ऐकवणाऱ्या ॲपवर नवी आवृत्ती चढली की पुष्कळदा जुनी गुपचूप उतरवली जाते. पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली म्हणून कुणी सार्वजनिक वाचनालयात येऊन जुनी प्रत कपाटातून काढून नेत नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. तिथे हा विचारसुद्धा कुणाला शिवणार नाही. गाण्याच्या बाबतीत आपण तो निमूट सोसतो.

जगभरच्या ध्वनिसंग्राहकांचा नियम सरळ आहे. आधी मूळ वस्तूवरून, काहीही न काढता-घालता, उत्तम दर्जाची प्रत करायची, २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ (डिजिटल आवाजाच्या बारकाव्याची ही मापं). तिला कुणी हात लावायचा नाही. जी काही सफाई करायची ती तिच्या दुसऱ्या प्रतीवर. आकाशवाणीसारख्या सार्वजनिक पैशावर चाललेल्या संस्थेने तरी आपल्या संग्रहातलं जे जे बाहेर काढायचं त्याची ही न धुतलेली प्रत सोबत द्यावी. ज्यांना ती नको ते ऐकणार नाहीत, एवढंच. जर्मनीत बायरॉइटला १९५१ साली वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंगलरने केलेला बीथोव्हेनच्या सिंफनीचा कार्यक्रम घ्या. अनेक दशकं लोक तो कंपनीने तालमीचे तुकडे जोडून बनवलेल्या रूपात ऐकत होते. त्या संध्याकाळी खरोखर काय वाजलं ते २०२१ मध्ये कळलं, कारण स्वीडनच्या नभोवाणीने आपली टेप सांभाळून ठेवली होती आणि ती प्रसिद्ध करणाऱ्याने तिला हात लावला नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, की तुम्ही असा हट्ट धरलात तर आजची मुलं जुनं ऐकणारच नाहीत. खरखर आली की ती पुढे ढकलतात. यात तथ्य आहे, आणि माझ्या वयाच्या माणसांना खरखरीत आपलं बालपण ऐकू येतं हेही खरं. म्हणून मी भाचीवरच प्रयोग केला. काही समजावलं नाही. वडिलांची ती कॅसेट काढली. तिची फीत आतून चिकटली होती, पेन्सिल घालून हलक्या हाताने फिरवून घेतली. जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड कापसाने पुसलं. तिच्या कानांतली ती पांढरी बटणं काढायला लावली आणि लावली कॅसेट.

पहिल्या मिनिटाला तिने नाक मुरडलं. दुसऱ्या मिनिटाला फोनकडे हात गेला, पण तिने तो उचलला नाही. बुवांनी मंद्रातला पंचम लावला, थांबले. मागून दोन तानपुरे हिस्समधून हळूहळू वर आले, जसे आमच्या घरी यायचे तसेच. ती डोळे बारीक करून ऐकत राहिली. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "मावशी, डावीकडच्याचा पंचम जरा उतरलाय ना गं?"

मोनो कॅसेटवर डावं-उजवं कुठून आलं हे मी तिला विचारलं नाही. मी कॅसेट मागे फिरवली आणि पुन्हा ऐकली. उतरला होता. तीस वर्षं ती मैफल ऐकते आहे, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.